कागदावरची फुप्फुसं

४ फेब्रुवारी १९९६, रविवार

आले एकदाची! टॅक्सीत सोळा माणसं, दोन कोंबड्या आणि माझी पत्र्याची ट्रंक. सीमेच्या पुलावरच्या शिपायाने ट्रंक उघडायला लावली. म्मेने, माझ्या आईने, बांधून दिलेलं ज्वारीचं पीठ बघून त्याने टॅक्सीतल्यांना विचारलं, तुमच्या मुलीला आमच्या दुकानांचा राग आहे का? सगळे हसले. मी मात्र चोरी पकडल्यासारखी घामाघूम झाले.

माझा थोरला भाऊ, आबुती मोएकेत्सी, थांब्यावर आला होता. तो पाच वर्षांपासून इथल्या सोन्याच्या खाणीत आहे. ट्रंक डोक्यावर घेऊन तो ओरडतच निघाला, “सरका, सरका! लिबुसेंग डॉक्टरीणबाई आल्या! मेलेल्यांची नाडी बघतात, जिवंतांना वेळ नाही!” मला जमिनीत जावंसं वाटलं, पण बरंही वाटलं.

चर्चच्या मागे मला एक खोली मिळाली आहे. पलंग, टेबल, किटली आहे आणि खिडकीतून खाणीच्या मातीचा ढिगारा दिसतो. तो पिवळट पांढरा आहे आणि वरून सुरीने कापल्यासारखा सपाट. वारा सुटला की त्याची बारीक पूड चौकटीवर बसते. संध्याकाळपर्यंत मी चौकट तीनदा पुसली.

ही वही न्ततेंनी, माझ्या वडिलांनी, दिली. नऊ वर्षांची होईपर्यंत मी शाळा पाहिली नव्हती. शाळा नदीपलीकडे होती. न्तते खाणीतून सुट्टीवर आले की मला शिकवत. मला वाचता येऊ लागलं ते त्यांच्या खाणीच्या कागदांवरून. आता तेच कागद वाचायची नोकरी मिळाली म्हणून निघताना ते खूप हसले आणि मग बराच वेळ खोकले.

६ फेब्रुवारी, मंगळवार

कामाची रीत लिहून ठेवते, म्हणजे चुकणार नाही.

खाणीत काम केलेला माणूस कुठेही वारला, तरी घरच्यांच्या अंगठ्यावर त्याची फुप्फुसं इथे येतात. कशाने गेला हे ठरल्याशिवाय बायकोला भरपाई नाही. आमच्या डोंगरात हे पोराटोरांनाही ठाऊक आहे. खाणवाल्याची शवपेटी उचलताना लोक म्हणतात, आतून हलकी आहे.

फुप्फुसं झाकणाच्या बादलीत, फॉर्मलिनमध्ये येतात. ती तरंगतात, म्हणून वर ओलं फडकं घालतात. बादलीवर फक्त नंबर असतो. त्या नंबरचं पाकीट कोठारातून मागवायचं. त्यात त्या माणसाच्या छातीच्या, दर वर्षी काढलेल्या एक्स-रे फिल्म असतात. त्यातली सगळ्यात वरची, म्हणजे शेवटची, घ्यायची.

फाकोए नावाचा म्हातारा बादलीतलं काम बघतो. तो फुप्फुस लांब सुरीने उभं कापतो, खिरीसारख्या जेलीत बसवतो आणि त्याचा पातळ पापुद्रा काढून कागदावर पसरतो. वाळलं की कागदासकट अख्खं फुप्फुस हातात धरता येतं, पानासारखं. मी दिव्याच्या पेटीवर फिल्म लावते, वर पारदर्शक कागद ठेवून प्रत्येक सावलीभोवती पेन्सिलीने गोल करते. मग तो कागद फाकोएच्या कागदावर ठेवते. सावलीखाली गाठ सापडली की खूण करायची. तीनपैकी दोन सावल्या जुळल्या तर “हीच ती” असं लिहून सही आणि वेळ. खाली डॉक्टर मारेस सही करतात. ते मान वर करत नाहीत.

पहिल्याच फिल्मवर उजवीकडे वर कापसासारखा डाग होता. जुन्या शेऱ्यात क्षय लिहिलं होतं. कागदावर पाहिलं तर क्षयाचा मागमूस नाही. मोहरीएवढ्या काळ्या, कडक गाठी एकमेकींना चिकटून दगड झालेला. खाणीची धूळ. म्हणजे बाईला भरपाई मिळणार. फाकोए मला आउसी, म्हणजे ताई, म्हणतो. म्हणाला, फिल्म सावली दाखवते, आउसी, कागद सांगतो सावली कोणाची. मी सही केली. फार आनंद झाला. घरी येऊन आठवून पाहिलं, वेळ बरोबर लिहिली होती ना? लिहिली होती.

१८ फेब्रुवारी, रविवार

आबुती गरम माक्वेन्या, पिठाचे तळलेले गोळे, घेऊन आला, पण वाटेतच निम्मे खाल्ले होते. त्याचं लग्न ठरतंय. मुलीचा बाप गाई मागतो. आबुती म्हणतो, आधी बैलाचा फोटो पाठवतो, बघू म्हातारा विरघळतो का. मी म्हटलं, तुझ्या खाणकामगारांच्या कोठीवर येऊन एकदा झाडून देते. तो एकदम म्हणाला, तिथे यायचं नाही, बायकांनी येण्यासारखी जागा नाही ती. आणि मग पुन्हा बैलाचं.

या आठवड्यापर्यंत अकरा जुळवण्या झाल्या. फाकोए म्हणतो माझा हात साफ आहे.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

पहिला मृत्यूदाखला आला, मला सही करून पाकिटात ठेवायचा होता. त्या माणसाची बादली ५ तारखेला आली होती. मी सही केली १३ तारखेला. दाखल्यावर मृत्यू १३ तारखेचा.

कारकुनाची चूक असणार, म्हणून दुसरा पाहिला. मग तिसरा. संध्याकाळपर्यंत नऊ दाखले काढून बसले होते. नऊही माझ्या सहीच्या तारखेचे. बादल्या सगळ्या त्याआधीच्या.

डॉक्टर मारेसना सांगितलं. ते म्हणाले, डोंगरातले पोलीस मनात येईल ती तारीख घालतात. फाकोएला सांगितलं. तो सुरी पुसत राहिला. मग म्हणाला, “तारखा बघायच्या नसतात, आउसी. तुझ्या आधीच्या बाईने बघितल्या. तारखा कागदाच्या, फुप्फुसं माणसाची. तू माणसाचं बघ.”

१ मार्च, शुक्रवार

खात्री करून घ्यायची म्हणून एक जुळवणी सही न करता ठेवली आणि त्या माणसाच्या गावच्या चौकीला फोन लावला. शिपाई म्हणाला, तो ना? मका काढतोय, समोर दिसतोय मला, हाक मारू का?

मी फोन ठेवला. मागे वळून बादली पाहिली. नंबर पुन्हा वाचला. तोच होता.

पाकीट खालच्या खणात ठेवायला गेले. खणात आधीच सात पाकिटं होती. आधीच्या बाईच्या अक्षरातली. सगळी जुळवलेली, एकावरही सही नाही.

५ मार्च, मंगळवार

त्या सात पाकिटांच्या बादल्या मागच्या फळीवर आहेत. सर्वांत जुनी चार वर्षांची. फॉर्मलिनमध्ये दोन दिवसांत फुप्फुस घट्ट होतं, रबरासारखं. फाकोएने बाजूचा एक काप कागदासाठी घेतला होता, तेवढाच घट्ट झाला. उरलेलं मऊ आहे. मी बोट लावून पाहिलं.

फडकं वर येतं आणि खाली जातं. भरदुपारी, खिडकी बंद, वारा नाही. मी घड्याळ धरून मोजलं. मिनिटाला अकरा.

फाकोएला विचारलं तर तो म्हणाला, जेवून घे आधी. मी जेवले. पापा, म्हणजे मक्याची घट्ट उकड, आणि पालेभाजी. चव लागली नाही, पण सगळं संपवलं.

१२ मार्च, मंगळवार

आज एक बाई आल्या. नाव मामोकेते. दोन दिवसांचा प्रवास करून, अंगावर घोंगडी, हातात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं आमचंच पत्र. चार वर्षांपूर्वीचं. तुमच्या पतीची फुप्फुसं मिळाली, कळावे.

त्या बाकावर बसल्या आणि शांतपणे बोलायला लागल्या. “बाई, हे पत्र आलं तेव्हा माझा नवरा पत्र आणणाऱ्याला शिव्या देत होता. अख्खं गाव हसलं. मीपण हसले. मग थंडी आली आणि तो भिंतीला टेकून बसला. तेव्हापासून बसलेलाच आहे. श्वास आत घेतो तो घेतो, सोडायला विसरतो. आडवा होत नाही. जेवत नाही. मरत नाही. चार वर्षं, बाई! आता त्याला पाहायला येणारे लोकही कंटाळले.”

मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवा. त्या माझ्याकडे बघून हसल्या. म्हणाल्या, डॉक्टरांनी दाखवलं मला, दरवाजा. मग पत्रावर बोट ठेवलं. म्हणाल्या, “माझा माणूस अर्धा इथे आहे. तुमच्याकडे काहीतरी अर्धं राहिलंय. तेवढं पुरं करा. मी भांडायला आले नाही.”

मी त्यांना चहा दिला. मग आत गेले, पाकीट काढलं. मधल्या चार वर्षांत कोणी पाहिलं नसेल म्हणून सगळं पुन्हा जुळवलं. एकतीस सावल्या, अठ्ठावीस जुळल्या. सही केली. दोन वाजून पाच.

मागच्या फळीवरचं एक फडकं सपाट झालं.

२१ मार्च, गुरुवार

मामोकेतेबाईंनी इकडे येणाऱ्या एका माणसाबरोबर वाळवलेले पीच पाठवले. निरोप दिला की त्याच दुपारी त्याने श्वास सोडला, बाई स्वतः अजून परतीच्या वाटेवर होत्या, शेजाऱ्यांनी पाहिलं. आडवा झाला, चेहरा नीट होता. पोरीला सांगा, तिचं भलं होवो.

उरलेल्या सहांवरही सह्या केल्या. बरं केलं असं वाटतं. निदान वाईट वाटत नाही.

मका काढणारा आठवा होता. डॉक्टरांनी त्या नंबरचं विचारलं होतं. त्याच्यावरही केली. फाकोएने सगळे आठ कागद फळीवर ओळीने लावून ठेवले.

आजपासून तारखा बघायच्या नाहीत. नंबर, सावल्या, गाठी, सही, वेळ. तारखेवर अंगठा ठेवला की ती दिसत नाही.

२६ मार्च, मंगळवार

सकाळी तीन बादल्या. दुसरीचं पाकीट आलं.

ख्वाबाने लेफाली. मोखोत्लोंग, आमचाच जिल्हा. न्ततेंचं नाव आहे. नंबरही न्ततेंचा. त्यांच्या कागदावर हाच नंबर गिरवून मी आकडे शिकले.

फाकोएने काप घेतला. तो म्हणाला, चांगलं मोठं फुप्फुस आहे, गाठी कमी, एक उजवीकडे वर तेवढी सुपारीएवढी. मी हो म्हटलं.

वरची फिल्म लावली. अंगठा तारखेवर. सावल्या मोजल्या. चौदा. कागदावर ठेवलं. बारा जुळल्या.

खालच्या खणात ठेवलं.

२८ मार्च, गुरुवार

म्मेचा फोन आला, गावातल्या दुकानातून. न्तते गेल्या आठवड्यापासून उठून बसतात. आडवं होता येत नाही. भिंतीला टेकतात. मी विचारलं, श्वास सोडतात का? ती म्हणाली, हा काय प्रश्न झाला? मग म्हणाली, सोडतात, पण फार वेळाने.

मी फडक्याजवळ बसून मोजलं. नऊ.

३१ मार्च, रविवार

आबुती आला. चर्चच्या पायरीवर बसला. बैलाची गोष्ट पुढे सांगायला लागला आणि मध्येच थांबला. धूळ फार, म्हणाला. गोष्ट राहिली.

त्याला सांगितलं. सगळं. सह्या, दाखले, मामोकेतेबाई, न्ततेंची बादली. तो आधी हसला. “म्हाताऱ्याला न विचारता? त्याची फुप्फुसं, आणि त्यालाच पत्ता नाही?” मग माझं तोंड पाहिलं आणि हसायचा थांबला. म्हणाला, तू नीट झोपत नाहीस. मी म्हटलं, झोपते. खरंच झोपते.

तो ईस्टरला घरी जाणार आहे. म्हणाला, स्वतः बघून येतो.

३ एप्रिल, बुधवार

सही केली तर न्तते जातील.

नाही केली तर भिंतीला टेकून बसतील. चार वर्षं. किंवा जास्त. आधीच्या बाईने आठ जणांना तसं — नाही, सात. आठवा माझा होता.

डॉक्टर मारेसनी त्या नंबरचं विचारलं. म्हटलं, गाठी वाळल्या नाहीत.

मिनिटाला आठ.

९ एप्रिल, मंगळवार

आबुती परत आला. माझ्या खोलीत उभा राहिला, टोपी हातात. थट्टा नाही. बसला, उठला, पुन्हा बसला. पायऱ्या चढून दम लागला होता.

म्हणाला, न्तते ओळखत नाहीत. डोळे उघडे. ओठ निळे. म्मे रात्रंदिवस पाठीला पाठ लावून बसते. म्हणाला, “तू म्हणतेस ते खरं की खोटं, मला कळत नाही. पण खरं असेल तर सही कर. म्हाताऱ्याला मोकळं कर. तुझ्याच्याने होत नसेल तर माझ्यासमोर कर, मी हात धरतो.”

मी म्हटलं, माझी मी करीन.

तो जाताना म्हणाला, उगाच रडू नकोस हं. मी रडत नव्हते.

११ एप्रिल, गुरुवार

सकाळी लवकर आले. पुन्हा जुळवलं. चौदापैकी बारा.

सही केली. नऊ वाजून वीस.

फडकं सपाट झालं. झाकण लावलं. फाकोएने माझ्यासमोर चहा ठेवला.

म्मेच्या फोनची वाट बघते आहे.

दुपार —

फोन आला. दुकानदाराचा मुलगा म्हणाला, तुमच्या आई हसतायत, त्यांनाच देतो. म्मे म्हणाली, पोरी, सरकारी नर्स काल घोडीवरून आली, छातीत सुई घालून लोटाभर पाणी काढलं. आज न्तते आडवे झोपले. उठून मोटोहोची आंबट पेज मागितली. दोनदा.

मी म्हटलं, दोनदा?

म्हणाली, मोएकेत्सीला सांग. तो फार घाबरून गेला होता.

१२ एप्रिल, शुक्रवार

खाणीच्या फाटकावर गेले. मोएकेत्सी लेफाली, म्हटलं. कारकुनाने यादी पाहिली. असा कोणी नाही. मी म्हटलं, पाच वर्षं आहे, उंच, सारखा थट्टा करतो.

तो म्हणाला, लेफाली एकच आहे इथे. ख्वाबाने.

मी म्हटलं, ते माझे वडील, ते सात वर्षांपूर्वीच घरी —

त्याने खांदे उडवले. नवी भरती कधीचीच बंद आहे, बाई. जुना नंबर असेल त्यालाच काम. बापाच्या कागदावर अर्धी खाण उतरते. नाव बापाचं, नंबर बापाचा, दर वर्षी छातीचा फोटो बापाच्या पाकिटात. कोणी विचारत नाही. मग म्हणाला, तुम्ही घरच्या का? बसा. कोणीतरी निरोप द्यायला जाणारच होतं.

काल सकाळी. खाणीत उतरायच्या पाळण्यातून खाली जाताना. मधेच खाली बसला. सोबत्यांना वाटलं नाटक करतोय, सगळे हसले.

वेळ विचारली. सांगितली त्याने.

चालत कामाच्या टेबलाशी आले. फिल्म लावली. अंगठा काढला.

ऑगस्ट १९९५.

न्ततेंच्या डाव्या बाजूच्या दोन फासळ्या दगड पडून मोडल्या होत्या. वेड्यावाकड्या सांधल्या. लहानपणी त्या गाठींवर बोट ठेवून मी एक, दोन म्हणत असे. या फिल्ममध्ये सगळ्या फासळ्या सरळ आहेत. तरुण माणसाच्या. सावल्या जुळवल्या, बारा जुळल्या, आणि फासळ्या मी —

पाकिटात खाली आणखी चार आहेत. त्याही सरळ. त्याखाली न्ततेंच्या.

फाकोए विचारतोय काय झालं. मी म्हटलं, काही नाही, जुळलंय.

फोन वाजतो आहे. म्मेच. विचारेल, आबुतीला कळवलंस का. न्तते पाठीमागून काहीतरी सांगत असतील, त्यांचा आवाज येईल आता, स्वच्छ, न खोकता. मी उचलते. उचलून तिला सांगते की